कापलेल्या पायातलं जोडवं

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. 12 सप्टेंबर 2021 ला कराडजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडवर टेम्पोनं आमच्या स्कूटीला मागून उडवलं आणि तीन दिवसांनी पाय काढावा लागला. त्या अपघाताबद्दल लिहायला बसलेली नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या दुखण्याबद्दल, आणि त्यासाठी 2024 मध्ये 19 जूनला पुण्यात झालेल्या नसांच्या ऑपरेशनबद्दल. (नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, संवेदना नेणारी, पुस्तकी मराठीत मज्जातंतू. दवाखान्यात सगळे नसच म्हणतात.) ऑपरेशनच्या आधी मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून मी रात्र रात्र मोबाईल चाळला. हाताला काही लागलं नाही.

आधी जोडव्याचं सांगते. कॅज्युअल्टीत पाय सुजत चालला म्हणून सिस्टरनं डाव्या पायाचं जोडवं कटरनं कापून काढलं आणि गॉझमध्ये गुंडाळून यांच्या हातात दिलं. ते तुकडे आमच्या कपाटात आहेत. तरीसुद्धा अंगठ्याशेजारच्या बोटात ते जोडवं मला रोज रुतत होतं. बोट नाही, पाय नाही, पण जोडवं आहे आणि ते एक साईज लहान आहे! रात्री अकराच्या पुढे बोटं एकमेकांवर चढायची, तळव्याला पीळ पडायचा, आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते जोडवं. मी झोपेत हात खाली नेऊन ते फिरवायला बघायची आणि हात चादरीला लागायचा.

हे झालं एक दुखणं. दुसरं अगदी वेगळं होतं. स्टंपच्या, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाच्या, बाहेरच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा होती. तिथं सॉकेटचा (कृत्रिम पायाची वाटी, जिच्यात स्टंप बसतो) काठ टेकला की करंट बसल्यासारखी सणक मांडीपर्यंत जायची. मार्च 2022 मध्ये पहिला कृत्रिम पाय मिळाला, ऑक्टोबरपर्यंत तो बरा चालला, आणि मग ही जागा जागी झाली. पतसंस्थेत कॅश काउंटरला बसून टेबलाखाली पाय काढून ठेवायचा, ग्राहक उठला की परत घालायचा, असं चालायचं.

मी डॉक्टरांना सांगायची, "पाय दुखतो." ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ऐकलं. एकानं प्रेगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी दिली, वाढवत वाढवत दिवसाला 300 मिलिग्रॅमवर नेली. त्यानं झोप लागायची, पण सकाळी नोटा मोजताना दोनदा चुकायचं, आणि वर्षात माझं वजन सात किलो वाढलं. वजन वाढलं की सॉकेट घट्ट, सॉकेट घट्ट की ती जागा ठणकणार. दुसऱ्यानं मे 2023 मध्ये त्या जागेतली नसेची गाठ कापून टोक आत सरकवलं. खर्च 46 हजार. पाच महिने स्वर्ग होता. दसऱ्याच्या सुमाराला सणक परत आली, आणि आता ती जागा दोन नाण्यांएवढी होती. तिसऱ्यानं "मनाला लावून घेऊ नका" सांगितलं. त्याची फी 500 रुपये होती, एवढंच लक्षात आहे.

इथं मला कळलेली गोष्ट लिहून ठेवते. कापलेली नस मरत नाही. तिचं टोक पुन्हा वाढायला लागतं, पुढं जायला वाट सापडत नाही, आणि तिथंच धाग्याचा गुंता व्हावा तशी गाठ तयार होते. तिला न्यूरोमा म्हणतात. सगळ्यांच्याच गाठी दुखत नाहीत, काहींच्या दुखतात. नुसती गाठ कापली तर नवं टोक तयार होतं आणि ते पुन्हा वाढायला लागतं. नसलेला पाय दुखणं हे फँटम दुखणं. 'फँटम लिंब' हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी 1871 मध्ये वापरला. म्हणजे दीडशे वर्षांपासून हे दुखणं कागदावर आहे, आणि आमच्याकडे अजून "मनाला लावून घेऊ नका".

आरशाचाही प्रयोग केला. व्ही. एस. रामचंद्रन या मेंदूशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात तो पुढं आणला. दोन्ही पायांच्या मधे आरसा उभा करायचा, त्यात उजवा पाय बघत बोटं उघडायची-मिटायची, म्हणजे मेंदूला डावा पाय सैल झाल्याचं दिसतं. मी जाऊबाईंच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून घेतला. रोज पंधरा मिनिटं. तळव्याचा पीळ थोडा सुटायचा. जोडवं मात्र हलायचं नाही, कारण उजव्या पायात जोडवं आहेच आणि आरशात तेही दिसायचं! हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं. मग उजव्या पायातलं काढून आरशात बघायला लागले, तेव्हा जरा फरक पडला. आत्यांना (माझ्या सासूबाईंना) ते आवडलं नाही. त्यांनी बोलून नाही दाखवलं, पण पंधरा मिनिटं झाली की जोडवं हातात घेऊन उभ्या असायच्या.

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात पेन क्लिनिकला गेले. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "स्टंप दुखतो की नसलेला पाय दुखतो?" मी गप्पच झाले. अडीच वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी एक वही करायला सांगितली: दोन रकाने, एक स्टंपचा, एक फँटमचा, रोज रात्री शून्य ते दहामध्ये आकडा. पंधरा दिवस लिहून या म्हणाल्या. ही वही पुढं सगळीकडे कामाला आली, अगदी इन्शुरन्सवाल्यांकडेही. ज्यांना असं दुखणं आहे त्यांनी डॉक्टरकडे जायच्या आधी एवढं तरी करावं. माझा सरासरी आकडा स्टंपचा आठ, फँटमचा सात निघाला.

5 फेब्रुवारीला तपासणीचं इंजेक्शन होतं. सोनोग्राफीच्या मशीनवर गाठ बघत तिच्याजवळ बधिर करायचं औषध सोडतात. मॅडमनी आधी बोटानं त्या जागेवर टिचक्या मारल्या, मी ओरडले. औषध सोडलं. दहा मिनिटांनी पुन्हा टिचक्या मारल्या. काही नाही. मी स्वतः दाबून बघितलं, अंगठ्यानं, जोर लावून. काही नाही. मग मॅडम म्हणाल्या, "आणि जोडवं?"

जोडवं सैल झालं होतं. गेलं नव्हतं, पण आता बोटात फिरत होतं. मी तिथंच रडले. यांना वाटलं दुखलं, ते पडद्याच्या आत आले.

तीन-चार तासांत सगळं जैसे थे झालं, ते होणारच होतं. पण त्यावरून कळलं की दुखण्याचं मूळ त्या नसांत आहे आणि ऑपरेशनचा विचार करता येईल. इंजेक्शननं फरक पडला नाही तर ऑपरेशनच्या मागे लागू नका, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं. इंजेक्शन 6 हजार, एमआरआय 7 हजार 500.

नसांच्या सर्जनकडे 1 मार्चची वेळ मिळाली. ते प्लास्टिक सर्जन होते, आणि या शब्दानं पुढं काय घोळ घातला ते सांगतेच. त्यांनी कागदावर चित्र काढलं. कापलेल्या नसेचं टोक जवळच्या जिवंत स्नायूकडे जाणाऱ्या बारीक फांदीला जोडायचं. ती फांदी मुद्दाम कापायची, म्हणजे तो स्नायू रिकामा होतो, आणि मोठ्या नसेला वाढायला घर मिळतं. याचं नाव टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन, टीएमआर. शिकागोत टॉड क्युकेन आणि ग्रेगरी डुमॅनियन या डॉक्टरांनी 2000 नंतर हे सुरू केलं ते दुखण्यासाठी नव्हेच. हात गेलेल्या माणसाला मोटरचा कृत्रिम हात विचारानं हलवता यावा म्हणून. पुढं लक्षात आलं की या लोकांचं दुखणंही कमी होतंय. 2019 मध्ये 28 रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. काहींची गाठ जुन्या पद्धतीनं कापून टोक स्नायूत पुरलं, काहींना टीएमआर केलं. टीएमआरवाल्यांचं फँटम दुखणं जास्त कमी झालं. "अठ्ठावीसच माणसं," डॉक्टर स्वतःच म्हणाले, "त्यामुळे मी तुम्हाला गॅरंटी देणार नाही." पायाची अशी ऑपरेशनं किती केली, हे मी त्यांना विचारलं. "सहा. एकीला काहीच फरक नाही पडला." हे ऐकून मी घाबरायला हवं होतं, पण उलट बरं वाटलं.

घरी येऊन मामंजींना समजावून सांगत होते. ते गोठ्यातून आले होते, हातात घमेलं तसंच. सगळं ऐकून म्हणाले, "मंजी पाटाचं पानी शेवटाला तुंबलंय, चिखोल झालाय. दारं मोडून दुसऱ्या वाफ्याला पानी लावायचं. आसंच ना?" डॉक्टरांना पुढच्या वेळी हे सांगितलं तर ते म्हणाले, मी चित्र काढणं बंद करतो.

आता कागदपत्रं.

आमची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी अपघाताच्या आधीची होती. खर्चाचा अंदाज 2 लाख 65 हजार. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून (विम्याची कागदपत्रं बघतात तिथून) एप्रिलमध्ये कॅशलेससाठी मंजुरी मागितली. पहिलं उत्तर आलं: सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही. मला हसावं की रडावं कळेना. गुडघ्याखाली पाय नसलेल्या बाईला सौंदर्यासाठी काय करणार? डॉक्टरांनी पत्र दिलं. मग दुसरी शंका: हा उपचार प्रायोगिक आहे. तिसरी: मूळ अपघाताची सगळी कागदं द्या, एफआयआरसकट. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर मिळाला, तारीख आणि पोलीस ठाणं निवडून शोधायचा. जुन्या हॉस्पिटलमधून केस पेपरची प्रत काढायला मात्र तीन खेपा झाल्या. रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. एवढं करून जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅशलेस नाकारलं.

आम्ही तारीख पुढं ढकलली नाही. यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं (माझ्याच संस्थेतून, आणि मीच तो अर्ज इनवर्ड केला), बाकी सोनं ठेवून. पैसे भरून नंतर क्लेम लावायचा ठरलं. एक शहाणपण मला उशिरा आलं: मंजुरीच्या कागदावर नुसतं टीएमआर लिहू देऊ नका. समोरच्या माणसाच्या यादीत ते नाव नसतं. 'दुखणारा न्यूरोमा काढणं आणि नसेची जोडणी' असं साध्या नावांनी डॉक्टरांकडून लिहून घ्या, सोबत आधीचे उपचार, गोळ्या, इंजेक्शनचा रिपोर्ट आणि ती वही. दुसरं, अपघाताचा दावा कोर्टात चालू असेल तर मूळ बिलं इन्शुरन्सला जायच्या आधी शिक्का मारलेल्या प्रती करून घ्या. आमच्या वकिलांनी हे वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो.

18 जूनला दुपारी ॲडमिट झाले. संध्याकाळी भूलतज्ज्ञ येऊन गेले. माझ्या मनात एक भीती होती ती विचारून टाकली: पाय कापताना झालं तसं या वेळीही जागेपणी काही ऐकू येईल का? नाही म्हणाले, पूर्ण भूल. पण एक वेगळं सांगितलं: ऑपरेशनमध्ये बारीक करंट देऊन कुठली फांदी कुठला स्नायू हलवते ते शोधायचं असतं, म्हणून स्नायू सैल करणारं औषध ते फक्त सुरुवातीला थोडा वेळ टिकेल एवढंच देतात. 19 ला सकाळी सात वाजता सर्जननी मार्करनं दुखणाऱ्या जागांवर ठिपके काढले. मला बोट ठेवायला सांगितलं, आणि मी बोट ठेवलं तिथं ठिपका. अंगावर एवढी चिरफाड झाली, पण कुठं दुखतंय ते मला विचारून खूण करणारे हे पहिलेच.

पालथं झोपवून गुडघ्यामागून ऑपरेशन केलं. तीन तास चाळीस मिनिटं लागली. दोन मोठ्या नसा पोटरीच्या स्नायूंच्या फांद्यांना जोडल्या, बाहेरची जुनी गाठ काढली, आणि कातडीखालच्या दोन लहान नसांच्या टोकांना स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळला. या गुंडाळण्याला आरपीएनआय म्हणतात, तेही अमेरिकेतलंच, मिशिगन विद्यापीठातलं. दुखणं थांबवायला नसेजवळ एक बारीक नळी तीन दिवस ठेवली होती. ते तीन दिवस जोडवं नव्हतं. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. तेवढं करायला नको होतं.

23 ला घरी सोडलं. बिल 2 लाख 81 हजार 640.

नळी काढल्याच्या दुसऱ्या रात्री जे सुरू झालं त्याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती, पण ऐकणं वेगळं आणि सोसणं वेगळं. अख्खा पाय परत आला. टाच, घोटा, नखं सगळं. नखांत कुणीतरी सुया खुपसतंय. 5 जुलैला टाके काढायला गेले तेव्हा वहीत फँटमचा आकडा नऊ होता. मी डॉक्टरांना विचारलं, बिघडलं का? ते म्हणाले, नस नव्यानं कापली आहे, ती बोंबलणारच; दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तिला घरात पोचायला तीन महिने द्या. जुलै-ऑगस्टचे दोन महिने माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट महिन्यांत मोडतात. पाय काढला तेव्हापेक्षाही, कारण या वेळी मी स्वतः मागून घेतलं होतं. आत्या रात्री उठून स्टंपवर नुसता हात ठेवून बसायच्या. चोळायला बंदी होती. प्रेगाबालिन चालूच होतं. कुणी करणार असेल तर ऑपरेशन झालं म्हणून ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, मी एक दिवस करून बघितलं आणि घामानं भिजले. आणि आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा की आधी वाढणार आहे. नाहीतर चौथ्या आठवड्यात घरातलं कुणीतरी म्हणतंच, "उगाच केलं."

गणपतीत पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. कधी उतरायला लागलं ते सांगता येत नाही, वहीत बघितलं तर नऊ, नऊ, आठ, नऊ, सात, सात, सहा असं उतरत गेलंय.

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. नसलेला अंगठा अवघडल्यासारखा वाटला म्हणून सवयीनं तो वर उचलायचा प्रयत्न केला. आणि पोटरीत, गुडघ्याच्या जरा खाली, कातडीच्या आत काहीतरी टुणकन उडालं. बेडूक पिशवीत घातल्यावर उडतो ना, तसं. पुन्हा अंगठा उचलला, पुन्हा उडालं. करंगळी हलवली तर दुसरीकडे, बाहेरच्या बाजूला. मुलगी धावत आली, मग शेजारची पोरं आली, आणि अर्धा तास "काकू, अंगठा! काकू, करंगळी!" चाललं. नस घरात पोचली होती. इतकी वर्षं मेंदू अंगठ्याला हुकूम सोडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. आता ऐकणारं कुणीतरी होतं, पोटरी का असेना.

इन्शुरन्सचं तोवर चाललं होतं. 10 जुलैला क्लेम लावला, 14 ऑगस्टला पुन्हा नाकारला, कारण तेच. मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं आणि इमेलमध्ये घातलं की तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. लोकपालांचं कार्यालय पुण्यातही आहे, तिथं तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. जावं लागलं नाही. 26 नोव्हेंबरला 2 लाख 3 हजार 200 खात्यावर आले. कापलेल्या रकमेचा हिशेब मागितला तो अजून आलेला नाही.

नवं सॉकेट पॉलिसीत नव्हतं, त्याचे 58 हजार वेगळे. ऑपरेशननंतर स्टंपचा आकार बदलतो, जुनं सॉकेट बसत नाही, त्यामुळे आधी नवं करून घ्यायची घाई करू नका. माझं माप दिवाळीनंतर घेतलं, सूज पूर्ण उतरल्यावर. पोटरी आतल्या आत उडते म्हणून पाय करणाऱ्या दादांनी दोनदा माप घेतलं. एकदा स्वस्थ बसवून, एकदा "अंगठा हलवा ताई" म्हणून.

वर्षानंतरचे आकडे: स्टंप दोन, फँटम चार. थंडीत आणि पाळीच्या आधी फँटम सहापर्यंत जातं. ती नाण्याएवढी जागा आहे, दाबली तर दुखते, पण सॉकेट सहन होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पाय घालून असते. स्टँडवरून पतसंस्थेपर्यंत चालत जाते, साधारण बारा मिनिटं. प्रेगाबालिन डॉक्टरांच्या सांगण्यानं उतरवत उतरवत रात्रीच्या 75 वर आलंय.

जोडवं आहे. बोटात फिरतं. पुढची तपासणी 8 ऑगस्टला आहे. वही घेऊन जायचीय, ही तिसरी.